पहाटे साडेतीनला गार पडणारा फर्नेस: जुन्या मोटरहोमच्या बॅटऱ्या का उतरतात

गाडी १९९७ सालची. फोर्ड ई-३५० चासी, ६.८ लिटरचं व्ही-१० इंजिन, २४ फुटी मोटरहोम. आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटजवळ राहतो. तक्रार एकच आणि सततची: दिवसभर गाडी चालवली तरी पहाटे तीन-साडेतीनला घराच्या बॅटऱ्या उतरतात. दोन वर्षांत बॅटऱ्यांची तिसरी जोडी लावली. प्रत्येक नवी जोडी दोन ट्रिपा बरी चालायची आणि तिसऱ्या ट्रिपला तीच रड सुरू.

ज्यांनी मोटरहोम आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की या गाडीत बॅटऱ्या दोन संसारांच्या असतात. एक इंजिनाची, जिचं काम फक्त सेल्फ मारणं. दुसरी घराची. तिच्यावर दिवे, पाण्याचा पंप, गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचं सर्किट, गॅसगळतीचा अलार्म आणि फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या गॅस-हीटरचा, पंखा चालतो. घराची बॅटरी भरायच्या वाटा दोन: चालू इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर, नाहीतर १२० व्होल्टची वीज १२ व्होल्टची करून देणारा कन्व्हर्टर. कन्व्हर्टरला वीज मिळते कॅम्पग्राउंडच्या खांबावरून, घरच्या प्लगवरून किंवा गाडीतल्या जनरेटरवरून. आपल्याकडच्या घरातल्या इन्व्हर्टरचीच ही भावंडं, फक्त लोडशेडिंग इथे रोज रात्री असतं.

गेल्या ऑक्टोबरअखेरीस आई-बाबांना घेऊन योसेमिटीला गेलो होतो. तिथल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये जागा मिळाली होती. मागच्या पलंगावर ते दोघं, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर मी. साडेतीनच्या सुमारास फर्नेसच्या पंख्याचा आवाज खाली आला. बाबा अंधारातून म्हणाले, "अरे, पंखा तर फिरतोय. गरम कुठंय?"

गरम नव्हतंच. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण फर्नेस बिघडलाय असं समजून त्याच्यावर पैसे घालवणारे बरेच भेटतात. फर्नेसमध्ये हवेच्या झोताने ढकलली जाणारी एक पातळ पट्टी असते, सेल स्विच म्हणतात तिला. पंखा पुरेशा वेगाने फिरला तरच ती दबते, आणि ती दबली तरच गॅस पेटतो. व्होल्टेज पडलं की पंखा रेंगाळतो, पट्टी दबत नाही, गॅस पेटत नाही. पंखा मात्र गार हवा फेकत बॅटरीत उरलंसुरलं तेही पिऊन टाकतो. थोड्या वेळाने गॅसचा अलार्म टुकटुक करायला लागला. आईने साताऱ्याहून आणलेली गोधडी माळ्यावर माझ्याकडे फेकली आणि स्वतः दोन स्वेटर चढवले.

सकाळी बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "ग्रॅव्हिटी काढलीस का?" ग्रॅव्हिटी म्हणजे बॅटरीतल्या अॅसिडची घनता, ती हायड्रोमीटरने मोजतात आणि सेल किती भरलाय ते कळतं. जन्मभर जीप आणि ट्रॅक्टर सांभाळलेल्या माणसाचा प्रश्न. मी काढली नव्हती. दोन वर्षांत तीन जोड्या विकत घेतल्या, पण सहा डॉलरचा हायड्रोमीटर घ्यायचं सुचलं नव्हतं.

घरी येऊन मोजामोजी सुरू केली. आधी गाडी दोन दिवस घरच्या प्लगवर ठेवली, म्हणजे भरायला पूर्ण सवड मिळाली असं धरता येईल. मग बॅटऱ्यांच्या वायरी सोडवून चार तास तशाच राहू दिल्या. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो, म्हणून हा विसावा. भरलेली शिशाची बॅटरी विसाव्यानंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.१-१२.२ म्हणजे निम्मी. माझ्या जोडीत एक १२.४ आणि दुसरी १२.१ निघाली. ग्रॅव्हिटी भरलेल्या सेलची १.२६५ च्या आसपास हवी. माझे बहुतेक सेल १.२२० च्या आगेमागे, म्हणजे पाऊण भरलेले, आणि एक सेल १.१५०, म्हणजे जवळपास गेलेला. (अॅसिड हाताळताना चष्मा घाला, हातातली अंगठी-कडं काढून ठेवा. अंगठी आणि पाना मिळून शॉर्ट झाला की बोटाचं काय होतं ते एकदा पाहिलंय.)

म्हणजे दोन दिवस प्लगवर राहूनही बॅटऱ्या भरतच नव्हत्या. शिशाची बॅटरी अर्धपोटी राहिली की प्लेटवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि मग ते विरघळत नाही. बॅटरी मरत होती ती उपाशी राहून. मी दर वेळी नवीन आणून तिलाही उपाशीच ठेवत होतो.

मग कन्व्हर्टर. मूळचाच, जड ट्रान्सफॉर्मरचा, प्लग लावला की टक् करून गुणगुणायला लागणारा. त्या काळातल्या बऱ्याच कन्व्हर्टरांत दिव्यांसाठीचा भाग मोठा आणि बॅटरी चार्जिंगचा भाग नावापुरता असायचा. माझ्या कन्व्हर्टरच्या टर्मिनलवर १३.४ व्होल्ट आणि बॅटरीवर पोचेपर्यंत १३.१. शिशाच्या बॅटरीला भरताना काही तास १४.४ च्या पुढे न्यावं लागतं, मग १३.२ ते १३.६ वर सांभाळायचं. १३.१ वर ती महिनाभर ठेवली तरी पोट भरणार नाही. (याच्या उलट दुखणंही असतं. काही जुने कन्व्हर्टर कायम १३.८-१४ वर अडकतात आणि उभ्या गाडीत बॅटरीचं पाणी उकळवून संपवतात. तुमच्या बॅटरीत दर महिन्याला डिस्टिल वॉटर लागत असेल तर तुमचा रोग तो.)

जनरेटर लावून क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) करंट पाहिला: ७ अँपिअर. आता हिशोब बघा. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडमध्ये विजेचे खांब नाहीत आणि जनरेटर लावायची मुभा तीनच वेळा, सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ७. शेजाऱ्यांच्या शिव्या खात तिन्ही वेळा पूर्ण लावला तरी सहा तासांत ४२ अँपिअर-तास. माझा खर्च? फर्नेसचा पंखा ८ अँपिअर खातो. थंडीच्या रात्री नऊ तासांपैकी निम्मा वेळ तो चालू, म्हणजे ३६. फ्रिजचं सर्किट, अलार्म, रेडिओची मेमरी वगैरे अखंड ०.६ अँपिअर, म्हणजे दिवसाला १४-१५. दिव्यांचे जुने काचेचे बल्ब प्रत्येकी दीड अँपिअरचे, जोडदिव्यात दोन. संध्याकाळी तीन तास दोन जोडदिवे लावले की १८. पंप धरून सत्तरच्या घरात. रोज सत्तर काढायचे, बेचाळीस भरायचे, आणि ट्रिपचा पहिला दिवसच पाऊण भरलेल्या बॅटरीवर. पहाटे साडेतीन कुठून आले ते कळलं.

तरी एक प्रश्न राहतोच. घरापासून तिथवर चार-साडेचार तास इंजिन चालू असतं, अल्टरनेटर १३० अँपिअरचा आहे. ते सगळं जातं कुठे?

ही तपासणी मला सगळ्यात आवडली. इंजिन पंधराशे आरपीएमवर, बॅटऱ्या अर्ध्या रिकाम्या, आणि मीटरचा काळा प्रोब इंजिनाच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर टेकवून लाल प्रोबने एकेक ठिकाण पुढे सरकत जायचं. बॅटऱ्या रिकाम्या असणं महत्त्वाचं आहे. वायरीत करंट वाहत असेल तेव्हाच व्होल्टेज गळतं. करंट नसताना सडक्या तारेच्या टोकालाही मीटर बिनबोभाट १४ दाखवतो, आणि लोक म्हणतात वायर चांगली आहे. माझे आकडे असे आले. इंजिनाची बॅटरी १४.२. ब्रेकरच्या पुढे १४.१. सोलेनॉइडच्या आत येणाऱ्या बोल्टवर १४.१, बाहेर जाणाऱ्या बोल्टवर १३.५. आणि घराच्या बॅटरीच्या स्वतःच्या दोन टोकांमध्ये १२.९. करंट १२ अँपिअर.

सोलेनॉइड म्हणजे चावी फिरवली की दोन्ही बॅटऱ्या जोडणारा मोठा रिले. त्याच्या दोन बोल्टांमध्ये ०.१ व्होल्टच्या वर फरक नको, माझ्यात ०.६ होता. कापून उघडला तर आतली तांब्याची चकती तव्यासारखी काळी. काही गाड्यांत सोलेनॉइडऐवजी डायोडचा आयसोलेटर असतो. तो न बिघडताच ०.६-०.७ व्होल्ट खातो, तो त्याचा स्वभाव. पुढचे ०.६ कुठे गेले? कारखान्यातूनच आलेली १० गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक), वीस फुटी बारीक वायर आणि तिच्या टोकांचे हिरवे पडलेले लग, म्हणजे बोल्टला आवळायच्या धातूच्या कड्या, मिळून ०.३५. उरलेले ०.२५ अर्थिंगमध्ये. बॅटऱ्या दाराच्या पायरीखाली होत्या, निगेटिव्ह तिथेच चासीला बोल्टने आवळलेला, आणि बोल्टाखाली गंज. अर्थिंग कोणी तपासत नाही. निगेटिव्ह टोकापासून चासीच्या घासलेल्या भागापर्यंत मीटर लावा, दोन मिनिटांचं काम आहे.

गंज घासून नवा लग आणि नवा सोलेनॉइड घातला असता तर शंभर डॉलरच्या आत निम्मं दुखणं गेलं असतं, आणि तुम्ही नेहमी खांबाच्या विजेवर मुक्काम करत असाल तर तेवढंच करा. त्यात १४.४ पर्यंत जाणारा, टप्प्याटप्प्याने चार्ज करणारा नवा कन्व्हर्टर घाला. सहा व्होल्टच्या दोन गोल्फगाडीच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या की २००-२२० अँपिअर-तास मिळतात आणि वर्षानुवर्षं जातात. लिथियम लिथियम करून कोणी मागे लागलं तरी ऐकू नका.

माझं गणित वेगळं होतं ते दोन-दोन तासांच्या जनरेटरमुळे. शिशाची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर घेते, शेवटचे वीस टक्के मात्र चार-सहा तास मागते, चार्जर कितीही मोठा असो. सूप भरपेट पिणारं आणि भाताला नखरे करणारं पोर. दोन तासांत ती कधीच भरणार नाही, आणि न भरलेली बॅटरी कडक होत जाणार. लिथियम आयर्न फॉस्फेट शेवटच्या काही टक्क्यांपर्यंत पूर्ण करंट घेते आणि अर्धपोटी राहिली तर तिला काहीच होत नाही. म्हणून १०० अँपिअर-तासांच्या दोन घेतल्या.

पण जुन्या गाडीत लिथियम नुसती बॅटरीच्या जागी ठेवून चालत नाही. तिचा आतला रोध फार कमी असतो, त्यामुळे अल्टरनेटर देईल तेवढा करंट ती ओढत राहते. ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर, अल्टरनेटरचा पंखा मंद, आणि खेच मात्र पूर्ण. अल्टरनेटर त्यात जळतो. मध्ये अल्टरनेटरकडून ठरावीकच करंट घेऊन बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. मी ३० अँपिअरचा घातला. येणाऱ्या बाजूला व्होल्टेज थोडं गळलं तरी तो पुढे स्वतः १४.४ करून देतो, तरी वायर बदललीच. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही ४ गेजच्या, सरळ बॅटरीपर्यंत, चासीवर भरवसा नाही. इंजिनाच्या बॅटरीपाशी ६० अँपिअरचा फ्यूज. दुसऱ्या टोकाला, लिथियमच्या अगदी लागून क्लास-टी फ्यूज, कारण शॉर्ट झाल्यावर लिथियम सोडेल तो करंट साध्या फ्यूजला तोडता येईलच असं नाही.

जुना सोलेनॉइड पूर्ण काढा. "असू दे बाजूला" म्हणून ठेवला तर करंट डीसी-डीसीला वळसा घालून त्याच्यातूनच जाईल आणि सगळा खर्च पाण्यात. त्याच्याबरोबर डॅशबोर्डवरचं घराच्या बॅटरीने इंजिन सुरू करायचं बटणही गेलं. जाऊ दे. माझ्या बॅटऱ्यांतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट, प्रत्येकी १०० अँपिअरला तोडतो, व्ही-१० चा सेल्फ थंडीत त्याच्या फार पुढे मागतो. जम्पर केबल गाडीत ठेवली.

बॅटऱ्या पायरीखालून उचलून जेवणाच्या बाकाखाली, घरात आणल्या. लिथियम शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केली तर आत धातूचा थर साचून ती कायमची खराब होते. बाकाखाली फर्नेसची हवा पोचते. शिशाची बॅटरी मात्र अशी कधीही आत आणू नका, ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते. दोन्ही बॅटऱ्या आधी वेगवेगळ्या पूर्ण भरून मग जोडल्या, आणि जोडताना पॉझिटिव्ह एकीवरून, निगेटिव्ह दुसरीवरून घेतला, म्हणजे दोघींवर भार सारखा पडतो. कन्व्हर्टर ४५ अँपिअरचा, लिथियमची सेटिंग असलेला. जुना काढताना खांबाची वायर, जनरेटर, सगळं बंद. त्याच पेटीत १२० व्होल्ट असतात.

आणखी एक वस्तू लागते, ती म्हणजे शंट लावलेला मॉनिटर. दारावरचे ते चार हिरवे-पिवळे दिवे लिथियमवर निव्वळ शोभेचे, कारण ही बॅटरी नव्वदला आणि चाळीसला जवळजवळ सारखंच, १३.१ ते १३.३, दाखवते. शंट प्रत्येक अँपिअर मोजतो. अट एवढीच की गाडीतला झाडून प्रत्येक निगेटिव्ह शंटच्या पलीकडून आला पाहिजे. एक जरी थेट बॅटरीला राहिला तर हिशोब चुकतो.

एवढं करून पहिल्या ट्रिपला परत बॅटरी उतरली. खरंच. मेंदोसिनोच्या किनाऱ्यावर थांबलो होतो. नवीन घेतलेला इन्व्हर्टर लावला होता, त्यात गाडीचीच, एरवी खांबाला लावायची मोठी वायर खोचली होती, म्हणजे सगळे प्लग चालतील. लॅपटॉप आणि फोन चार्ज होत होते. मॉनिटर बघतो तर वजा ५०, म्हणजे बॅटरीतून ५० अँपिअर बाहेर जातायत. एवढा करंट दोन चार्जरांना?

बऱ्याच वेळाने कानावर पडलं: कन्व्हर्टरचा पंखा चालू. गाडीला वाटलं खांबाची वीज आली. इन्व्हर्टर बॅटरीतून वीज घेऊन १२० व्होल्ट करत होता, कन्व्हर्टर त्याच १२० व्होल्टांतून बॅटरी भरत होता, आणि दोघांच्या दलालीत बॅटरी रिकामी होत होती. भरीस भर, ऑटोवर ठेवलेल्या फ्रिजने वीज आली बघून गॅस सोडला आणि ३०० वॅटचा हीटर लावला. कन्व्हर्टरचा ब्रेकर पाडला, फ्रिज गॅसवर टाकला, मॉनिटर वजा ९ वर आला. आता इन्व्हर्टरच्या स्विचवर चिठ्ठी चिकटवलीय: "आधी ब्रेकर पाड."

दिवे एलईडी केले, अठराचे तीनवर आले. टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर, ज्याचं बटण भिंतीवरच्या प्लेटमध्ये लपलेलं असतं, तो बहुधा आधीच्या मालकापासून चालू होता. गाडी घरी उभी असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद करतो. गाडीत कोणी झोपणार असेल तर मात्र गॅसचा अलार्म चालू राहिलाच पाहिजे.

भारतात व्हॅन बांधणाऱ्या दोघा-तिघांनी हेच विचारलं होतं म्हणून सांगतो: मोठ्या बस-ट्रकच्या चासीवर इंजिनाची बाजू २४ व्होल्टची असते. तिथे डीसी-डीसी चार्जर २४ वरून १२ करणारा लागेल. बाकी प्रोब टेकवत जायची रीत तीच. उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे गाडी उन्हात उभी राहत असेल तर थंडीची काळजी सोडा, चार्जरला वारा कुठून मिळेल ते बघा. गरम झाला की तो आपणहून करंट कमी करतो, आणि तुम्ही वायरीत दोष शोधत बसता.

नोव्हेंबरात परत अप्पर पाइन्सला गेलो. घरून निघताना मुद्दाम साठ टक्क्यांवर निघालो होतो. पोचेपर्यंत शंभर. रात्रभर फर्नेस चालला. सकाळी साडेसहाला मॉनिटरवर ७४ टक्के. सातला जनरेटर लावला, कन्व्हर्टरचे ४५ अँपिअर दिसले, आणि सव्वाआठला तो बंद करून टाकला. बाबांना व्हिडिओ कॉलवर मॉनिटर दाखवला. ते म्हणाले, "ते सगळं ठीक. इंजिनाच्या बॅटरीची ग्रॅव्हिटी काढलीस का?"

ती अजून काढायची आहे.